आदल्या दिवशीची चिठ्ठी

शेजारच्या टेबलावरच्या काकांनी सुपाचा चमचा ओठांजवळ नेला, तिथेच थांबवला आणि अलगद परत वाडग्यात ठेवला. काकूंनी एकदा त्यांच्याकडे पाहिलं, आपलाही वाडगा थोडा पुढे सरकवला आणि ब्रेडची टोपली जवळ ओढली. इटलीतल्या ओर्तिझेई या डोंगरगावच्या त्या हॉटेलात संध्याकाळचं जेवण नुकतंच सुरू झालं होतं. सूप जवाचं होतं. दिसायला अगदी साधं. गाजराचे बारीक तुकडे, वर चिरलेली हिरवी पात. त्या खोऱ्यात घरोघरी होणारं हे सूप धुरावलेल्या डुकराच्या मांसाबरोबर तासभर शिजवलेलं असतं, आणि तो धुराचा वास वाडगा तोंडाजवळ नेल्याशिवाय येत नाही. मालकीणबाई वाडगे उचलायला आल्या. भरलेले वाडगे पाहून त्यांनी काहीतरी विचारलं. काकू घाईघाईने हसून म्हणाल्या, "गुड, गुड. फुल." बाई दोन्ही वाडगे घेऊन आत गेल्या. जाताना त्यांनी एकदा वाडग्यांकडे पाहिलं, ते मला दिसलं. मी काकूंकडे वळून मराठीत म्हटलं, "काकू, त्यांना सांगू का तुम्ही शाकाहारी आहात म्हणून?" मराठी ऐकून त्यांचा चेहरा उजळला, पण लगेच म्हणाल्या, "नको गं, राहू दे. आता कुठे त्यांना पुन्हा करायला लावायचं? खोलीत चिवडा आहे."

ते "राहू दे" काही केल्या माझ्या मनातून जाईना.

मी म्युनिकला राहते. ब्रेनरची खिंड ओलांडली की हा सगळा मुलूख आम्हाला जवळचा, त्यामुळे पुण्या-नाशकाकडच्या ओळखीच्यांचे फोन येतात: इटलीत डोंगरात चार दिवस राहायचंय, आई-वडील बरोबर आहेत, कुठे जावं? मी न चुकता ओर्तिझेई सांगते. गाव १,२३६ मीटरवर, तीन बाजूंनी चढ, आणि वर जायच्या सोयी गावातूनच निघतात. सेचेडा डोंगराची केबलकार, समोरच्या बाजूने आल्पे दी सिउझीच्या पठारावर जाणारी गोंडोला, म्हणजे तारेवरचे छोटे डबे, रेशेझाची रुळांवरून चढणारी गाडी. आणि ज्यांना वर जायचंच नाही त्यांच्यासाठी गावात जुन्या रेल्वेमार्गावरची सपाट पायवाट आहे. पहिल्या महायुद्धात ऑस्ट्रियाने रशियन युद्धकैद्यांकडून हा लोहमार्ग बांधून घेतला, १९६० साली ती गाडी बंद झाली, आणि आता तिथे म्हातारी माणसं हातात हात घालून फिरतात. आपल्याकडच्या सत्तरीच्या माणसांना डोलोमाइट्सचे हे डोंगर बघायचे असतील तर याहून सोयीची जागा मला माहीत नाही.

फोनवर प्रश्न येतात ते तिकिटांचे, गाडीचे, थंडीचे. हॉटेलबद्दल एकच विचारतात, किती तारांकित? ते कळून फारसा उपयोग नाही. इथली पुष्कळ हॉटेलं एकेका कुटुंबाची आहेत. सकाळी अंडी उकडणारी ती सून, गाडीतून बॅगा उतरवणारा तो मुलगा, आणि कोपऱ्यातल्या बाकावर वर्तमानपत्र वाचत बसलेले आजोबा म्हणजे आधीचे मालक. दिवाणखान्यात लाकडी मूर्ती असतात. या खोऱ्यात सतराव्या शतकापासून लाकूड कोरायचं काम चालत आलं आहे, आणि बऱ्याच हॉटेलवाल्यांच्या मागच्या पिढ्यांत कुणीतरी छिन्नी धरलेली सापडते. खोलीतलं फर्निचर डोंगरी पाइनचं असतं. दार उघडलं की त्या लाकडाचा गोडसर, थोडा राळेसारखा वास अंगावर येतो आणि रात्री दिवा मालवल्यावर तो अजून दाट वाटतो. अशा घरात आपण राहायला जातो. त्या घराच्या वेळा आहेत, रीत आहे, आणि ती आपल्याला कुणी वाचून दाखवत नाही.

त्या रीतीतली सगळ्यात महत्त्वाची वस्तू म्हणजे सकाळच्या टेबलावरची चिठ्ठी. बहुतेकजण इथे 'हाफ बोर्ड' घेतात, इटालियनमध्ये मेद्झा पेन्सिओने: नाश्ता आणि रात्रीचं जेवण भाड्यात धरलेलं. तुमचं टेबल पहिल्या दिवशी ठरतं आणि निघेपर्यंत तेच राहतं. वर छोट्या पाटीवर तुमचं आडनाव किंवा खोलीचा नंबर. नाश्त्याला बसलात की बशीशेजारी हाताच्या पंजाएवढा कागद आणि आखूड पेन्सिल असते. कागदावर रात्रीचे पदार्थ इटालियन आणि जर्मन अशा दोन भाषांत, कधी इंग्रजीतही. आधीचं, मधलं आणि मुख्य असे गट, प्रत्येक गटात दोन-तीन पर्याय, पुढे चौकोन. माणशी खूण करायची आणि कागद तिथेच ठेवून जायचं. दहा वाजेपर्यंत त्या चिठ्ठ्या स्वयंपाकघरात पोचतात आणि त्यांवरून बाजार ठरतो. काका-काकूंच्या टेबलावरही ती होती. काकूंनी पहिल्या ओळीतल्या पदार्थांपुढे खुणा करून दिल्या होत्या, कारण बाकीच्यांनी काहीतरी लिहिलेलं त्यांनी पाहिलं.

लहानपणी मे महिन्यात आम्ही हर्णैला जायचो. बाबा दापोलीहून फोन करायचे तेव्हा पलीकडून पहिला प्रश्न यायचा, "किती पानं?" आणि लगेच दुसरा, "शाकाहारी किती?" आमच्यात आजी मासे खात नसे. तिच्यासाठी वेगळी वांग्याची भाजी, सोलकढी आणि गरम भाकरी असायची, आणि ती भाजी वाढताना त्या घरातल्या वहिनींना जो आनंद व्हायचा तो पापलेट वाढताना होत नसे. ओर्तिझेईतलं हॉटेल त्या घरासारखंच चालतं. फरक इतकाच की इथे "शाकाहारी किती?" हा प्रश्न चिठ्ठीवर छापलेला नसतो. तो आपण आधी लिहून कळवायचा.

म्हणून मी सगळ्यांना सांगते: खोली ठरली की आठवडाभर आधी हॉटेलला मेल लिहा. इंग्रजीत चालतो. त्यात "व्हेजिटेरियन" एवढंच लिहू नका. मांस नको, मासे नकोत, मांसाच्या पाण्यात शिजवलेलं सूप नको, आणि भाजीवर स्पेकचे तुकडे नकोत, असं एकेक लिहा. स्पेक म्हणजे इथलं धुरावलेलं, सुकवलेलं डुकराचं मांस. ते इथे चवीपुरतं कशातही घालतात. पावाचे गोळे करून उकडतात त्या कानेदेर्लीतही ते असतं, पण त्याच गोळ्यांचा पालक किंवा चीज घातलेला प्रकार फार सुरेख लागतो. फक्त तो लोण्यावर मागायचा, कारण पुष्कळदा तो मांसाच्या रश्श्यात सोडून देतात. अंडं चालतं की नाही ते स्पष्ट लिहा. इथल्या शाकाहारात अंडं धरलेलंच असतं आणि पास्त्याच्या पिठातही असतं. फार काटेकोर असाल तर हेही माहीत असू द्या की पार्मेझानसारखी चीज वासराच्या पोटातल्या रेनेटने विरजतात. आणि कांदा-लसूणही नको असेल तर हाफ बोर्डच्या फंदात न पडता स्वयंपाकघर असलेलं 'रेसिडेन्स' घ्यावं, आपला कुकर लावावा. जिथे फक्त नाश्ता मिळतो त्या जागांच्या नावात 'गार्नी' असतं. तरुण मंडळींना ते स्वस्त पडतं, पण रात्री बाहेर टेबल आधी राखून ठेवावं लागतं आणि दुपारी दोननंतर बऱ्याच स्वयंपाकघरांचे दिवे मालवलेले असतात. वडीलधाऱ्यांना घेऊन थंडीत जागा शोधत फिरू नये. माझं मत हाफ बोर्डच्या बाजूने आहे, मेलसकट.

हॉटेलच्या खोलीत मात्र राइस कुकर किंवा इंडक्शन लावू नका. भिंती लाकडाच्या, छत लाकडाचं. तिथल्या माणसांना आगीची जी भीती आहे ती खरी आहे.

खोलीबद्दलही मेलमध्येच विचारावं. नकाशावर हॉटेल चौकापासून चारशे मीटर दिसतं, पण ते चारशे मीटर सरळ चढाचे असू शकतात, आणि गुडघे दुखणाऱ्या माणसाला दिवसातून दोनदा तो चढ म्हणजे सहलीचा अर्धा आनंद गेला. गावाच्या मध्यातून सेचेडाच्या केबलकारपर्यंत भुयारातून सरकते जिने आणि सरकता रस्ता केलेला आहे, त्याच्या जवळपासचं हॉटेल मिळालं तर उत्तम. चर्चच्या अगदी समोरची खोली मागू नये. घंटा सुंदर वाजते, पण ती पहाटेही वाजते. पलंग दोघांचा असला तरी पांघरुणं दोन वेगळी, घडी घालून ठेवलेली असतात. मोठं एक मागायची गरज पडत नाही, उलट आपल्याकडच्या जोडप्यांना ही रीत फार आवडते असं मी पाहिलंय. एसी बऱ्याच ठिकाणी नसतो. जुलैतही रात्री खिडकी तिरपी उघडली की हवा गार होते. नळाचं पाणी बिनदिक्कत प्यावं. जेवणाच्या टेबलावर मात्र पाणी बाटलीतून येतं आणि बिलात लागतं. आपल्याकडचा दोन पिनांचा बारीक चार्जर इथल्या सॉकेटमध्ये बसतो, जाड तीन पिनांचा बसत नाही, तेव्हा एक अडॅप्टर ठेवावा. आणि जी गोष्ट विचारायला सगळेच लाजतात ती सांगून टाकते: पाण्याची सोय आहे. इटलीत १९७५ च्या सरकारी नियमाने घराच्या न्हाणीघरात बिडे, म्हणजे धुण्यासाठीचं नळाचं बसकं भांडं, असावा असं ठरवलं, आणि हॉटेलांतही तो बहुधा असतोच. युरोपात फिरून वैतागलेली आपली माणसं इटलीत आली की सुटकेचा श्वास टाकतात.

चहाचं तेवढं जड जातं. खोलीत किटली नसते. पहाटे पाचला उठणाऱ्या बाबांना आठच्या नाश्त्यापर्यंत चहा नाही म्हणजे दिवसच सुरू होत नाही. मी रात्री जेवण झाल्यावर थर्मास घेऊन स्वयंपाकघराच्या दाराशी जाते आणि उकळतं पाणी मागून आणते. कधी कुणी नाही म्हटलेलं नाही. एकदा तर त्यांनी न मागता दुधाचा छोटा जगही दिला.

महिना निवडताना आपल्या सुट्ट्या बघू नयेत, इथल्या बघाव्यात. १५ ऑगस्टला इटलीत फेर्रागोस्तो असतो आणि त्याच्या आगेमागे सगळा देश सुट्टीवर निघतो. खोल्या महाग, आणि कमीत कमी आठवडाभर राहा अशी अट. नाताळ ते ६ जानेवारी तेच. दिवाळीनंतर यायचं म्हणणाऱ्यांना मी थेट नको म्हणते, कारण नोव्हेंबरात केबलकार बंद, हॉटेलं बंद, मालक स्वतः कुठेतरी समुद्रावर गेलेले. ईस्टरनंतर मेअखेरपर्यंतही तसंच. आपल्या शाळांची मेची सुट्टी नेमकी या पोकळीत पडते याचं मला फार वाईट वाटतं. जूनचा शेवटचा आठवडा किंवा सप्टेंबर धरावा. जूनअखेर आल्पे दी सिउझीवर गवत कापायच्या आधीची फुलं असतात, सप्टेंबरात हवा स्वच्छ असते आणि संध्याकाळी समोरचा सास्सोलुंगो, ३,१८१ मीटरचा तो उभा खडक, आधी केशरी आणि मग जांभळट होत जातो. त्या वेळी सगळं हॉटेल गॅलरीत उभं असतं, कुणी कुणाशी बोलत नाही. जुलै-ऑगस्टमध्ये दुपारनंतर विजा कडाडतात, म्हणून वर जायचं ते सकाळी पहिल्या-दुसऱ्या केबलकारने. सेचेडाला काही मिनिटांत आपण जवळपास अडीच हजार मीटरवर पोचतो. रक्तदाबाची गोळी घेणाऱ्यांनी वर पोचल्यावर लगेच चालायला न लागता दहा मिनिटं बाकावर बसावं.

पोचल्यावर पासपोर्ट मागतात. सगळ्यांचा, लहान मुलांचाही. काहींना ते अपमानास्पद वाटतं, "आमचेच का बघता?" असं मनात येतं. पण पाहुण्यांची नोंद चोवीस तासांच्या आत पोलिसांकडे पाठवायचं बंधन इथल्या प्रत्येक हॉटेलवर आहे, आणि पाहुणा इटालियन असला तरी त्याचंही ओळखपत्र घेतात. नोंद झाली की पासपोर्ट परत मागून जवळ ठेवावा. निघताना माणशी, रात्रीमागे थोडा स्थानिक कर द्यावा लागतो. तो ऑनलाइन भरलेल्या भाड्यात बहुधा धरलेला नसतो, आणि चौदा वर्षांखालच्या मुलांना तो माफ आहे. याच्या बदल्यात जे मिळतं ते मोलाचं असतं. हॉटेलकडून एक गेस्ट पास मिळतो आणि त्यावर मुक्कामाच्या दिवसांत दक्षिण टिरोल या इथल्या प्रांतातल्या बस आणि प्रादेशिक रेल्वे फुकट. ओर्तिझेईतून वर जाणाऱ्या केबलकार मात्र त्यात येत नाहीत. हा पास मागून घ्यावा. बोल्झानोहून बसने येणार असाल तर तो मेलवर आधीच मिळेल का ते विचारावं. आणि बसवरची नावं बघून गोंधळू नये: इटालियनमधलं ओर्तिझेई, जर्मनमधलं सांक्ट उलरिश आणि लादिन या इथल्या स्वतःच्या भाषेतलं उर्तिजेई हे एकच गाव. १९१९ च्या तहापर्यंत हा भाग ऑस्ट्रियाचा होता, घरात लोक लादिन बोलतात, आणि तिन्ही नावं पाटीवर लिहायचा हक्क त्यांनी सहजासहजी मिळवलेला नाही. शेजारची सेल्वासुद्धा बसवर वोल्केनश्टाइन म्हणून येईल.

सौनाचं, म्हणजे घाम काढायच्या गरम खोलीचं, आधी सांगितलेलं बरं. इथे जर्मन रीत आहे. पोहण्याच्या तलावात कपडे घालायचे आणि सौनाच्या दारापलीकडे घालायचे नाहीत, स्त्री-पुरुष एकत्र. दारावर तशी पाटी असते. तिथल्या लोकांना त्यात अवघडण्यासारखं काही वाटत नाही, आणि कुणी कुणाकडे बघत नाही. आपल्याला नको असेल तर त्या दारापर्यंत जायचंच नाही, तलावाशी बसावं. मुलांना घेऊन जाणाऱ्यांनी आधी ती पाटी वाचावी. अंगात पांढरा झगा घालून लिफ्टमधून खाली येणारी माणसं दिसली तर बिचकू नये. तो झगा खोलीच्या कपाटात आपल्यासाठीही टांगलेला असतो.

तर काका-काकूंचं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी न राहवून त्यांच्या टेबलापाशी गेले आणि ती चिठ्ठी त्यांना एकेक ओळ वाचून दाखवली. काका गप्प होते. आपल्या जेवणाची अशी चर्चा व्हावी हे त्यांना आवडलेलं नव्हतं, आणि मला ते त्यांच्या ताठ पाठीवरून कळत होतं. काकू मात्र पुढे सरकल्या, चष्मा लावला, "हे काय? आणि हे?" असं विचारत राहिल्या. मी मालकीणबाईंना बोलावून जर्मनमध्ये सांगितलं. त्यांनी छातीवर हात ठेवला. म्हणाल्या, मला काल रात्री झोप नाही आली, मला वाटलं सूप बिघडलं होतं, सासूबाईंनी शिकवलेलं सूप आहे ते. मग एकदम व्यवहारी झाल्या. अंडं? चालतं. चीज? चालतं. पालक? काकूंनी "पालक" शब्द ओळखल्यासारखी मान डोलावली, कारण बाईंनी स्वयंपाकघरातून एक पान आणून दाखवलं होतं. रात्री दोघांपुढे क्राफुन्चिन्स आले, पालक भरलेले, करंजीच्या आकाराचे, वर तांबूस होईपर्यंत तापवलेलं लोणी. काकांनी सगळे संपवले. माझ्याकडे पाहून हसले नाहीत. उठताना फक्त "बरं झालं" एवढं म्हणाले, आणि ते मला म्हणाले की मालकीणबाईंच्या दिशेने म्हणाले हे मला अजून ठरवता आलेलं नाही. एखाद्याचा संकोच हा त्याचा स्वतःचा असतो, त्यात आपण हात घालावा का, हा प्रश्न माझ्यापुढे आहेच. पण दोन म्हातारी माणसं हजारो मैल येऊन, भाड्यात पैसे भरून, रात्री खोलीत चिवडा खातात आणि खाली एक बाई आपलं सूप बिघडलं म्हणून जागी राहते, यात कुणाचा मान राखला जातो ते मला कळत नाही.

आई-बाबा आता जूनअखेर येतायत. व्हिसाच्या अर्जाला आरक्षण लागतंच, म्हणून मेल या वेळी लवकर लिहिला. आईचं नाव, वय, तिला अंडं चालत नाही, पास्ता बिनअंड्याचा जमेल का. बाबांना सगळं चालतं पण मीठ कमी. खोली लिफ्टच्या जवळची, चर्चपासून लांब, शक्य असेल तर सास्सोलुंगोच्या बाजूची. पहाटे पाचला गरम पाणी कुठून घेता येईल. उत्तर दुसऱ्या दिवशी आलं. बिनअंड्याच्या पास्त्याला हरकत नाही, बटाट्याचे आणि बकव्हीटचेही प्रकार करता येतील, त्या धान्याची आईला सवय आहे का असं त्यांनी विचारलंय. मी लिहिलं, आमच्याकडे त्याला कुट्टू म्हणतात, मराठी घरांत फारसं खात नाहीत, पण आई नवीन धान्य आवडीने करून बघते, तिला स्वयंपाकघरात उभं राहायला दिलंत तर अधिकच आवडेल. आगाऊ रक्कम बँकेतून भरली आहे. रद्द केलं तर ती परत मिळत नाही, तेव्हा बाबांच्या डोळ्यांच्या डॉक्टरांची तारीख आधी नक्की करून घेतली.